लाइन ओके

नोव्हेंबरात बाबांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. या महिन्यात हयातीचा दाखला सादर करा, नाहीतर निवृत्तिवेतन थांबेल. बाबा जानेवारीतच गेले. मृत्यूचा दाखला, पासबुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचं आदेशपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स मी फेब्रुवारीत स्वतः काउंटरवर दिल्या, पोच घेतली, पेन्शनही बंद झाली. मेसेज पाठवणाऱ्या यंत्रापर्यंत ती बातमी अजून गेलेली दिसत नाही.

बाबांना दोन पेन्शनी होत्या. एक फौजेची, एक शाळेची. त्यामुळे दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं त्यांना दोनदा सिद्ध करावं लागे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात चकचकीत बूट. "हयात आहो म्हणून सांगून येतो," म्हणत स्कूटर काढायचे. पूर्वी सहीवर भागायचं. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झालं आणि बोटाचा ठसा आला. बाबांचा अंगठा काही केल्या उमटेना. आधी तारा ओढून आणि मग खडू धरून बोटांच्या रेषाच गेल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, जरा जोरात दाबा." बाबा म्हणाले, "अरे बाप्पा, मी तुह्यासमोर उभा आहो. मशीनले कायले विचारतं? मले विचार ना." मग त्यांनी एकेक बोट लावून पाहिलं. दहांपैकी एकच चाललं, डाव्या हाताची अनामिका. घरी आल्यावर डायरीत नोंद केली: 'डावी अनामिका. लाइन ओके.' पुढच्या वर्षी गेल्या गेल्या तेच बोट पुढे.

'लाइन ओके' हे आमच्या घरातलं चलन होतं. कूलरचा पंप चालू झाला, लाइन ओके. भावाचा ताप उतरला, लाइन ओके. दहावीचा पेपर कसा गेला, हे बाबांनी कधी विचारलं नाही. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभे राहून नुसती मान वर करायचे, आणि मी "लाइन ओके" म्हणायचे. भूगोलाच्या दिवशी म्हटलं नाही. त्यावर काही न बोलता त्यांनी मला उसाचा रस पाजला.

बाबांचा जन्म १९४६ चा, काटोलकडच्या एका खेड्यातला. आजोबा सालदार. बागेतली संत्री दुसऱ्याची, पाणी देणारे हात यांचे. १९६५ मध्ये मॅट्रिक झाले आणि त्याच वर्षी फौजेत भरती झाले. वाट्याला आलं सिग्नल्स, म्हणजे फौजेचं संदेशवहन. ट्रेनिंग जबलपूरला. मोर्स शिकले, वायरलेस शिकले, पण मनापासून रमले ते तारेत. मैलोन्‌मैल केबल अंथरायची, तिच्या दोन्ही टोकांना टेलिफोन, आणि मधली तार जिवंत ठेवायची जबाबदारी यांची. 'तीव्र चौकस' हे सिग्नल्सचं ब्रीद. त्यातलं 'चौकस' बाबांना शब्दशः लागू होतं. 'तीव्र' फक्त रागाच्या बाबतीत.

१९७१ च्या लढाईत ते बंगालच्या बाजूला होते, कृष्णनगरहून जेस्सोरकडे जाणाऱ्या फौजेबरोबर. ७ डिसेंबरला जेस्सोर पडलं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती, ९३ हजार युद्धकैदी. हे सगळं ते पाठ्यपुस्तकातला धडा वाचावा तसं सांगत, जणू दुसऱ्याच कोणाच्या बाबतीत घडलेलं. शाळेत दर १६ डिसेंबरला त्यांना बोलायला उभं करत. पोरं युद्धाच्या गोष्टीसाठी पुढं सरकून बसलेली, आणि बाबा रस्त्याच्या कडेनं केबल कशी टाकायची, रस्ता ओलांडताना ती झाडावरून का न्यायची, हे फळ्यावर आकृती काढून समजावत. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलंच, "सर, तुम्ही किती मारले?"

"एकही नाही. मी टेलिफोनवाला होतो."

पोरं हिरमुसली. मीही त्यांच्यात होते, आणि खरं सांगते, मला लाज वाटली होती. बाकीच्यांच्या गोष्टीतले सैनिक टँकवर चढत. माझे बाबा तार शोधत फिरत.

त्या तार शोधण्यात काय असतं, ते मला फार उशिरा कळलं. लाइन सारखी तुटायची. ट्रकच्या चाकाखाली यायची, गोळ्यानं उडायची, कधी कोणी बैल बांधायला तुकडा कापून न्यायचं. रात्री टेलिफोन मुका झाला की दोघं जण निघत. दिवा लावायचा नाही. तार हातात धरायची आणि बोटांमधून सरकवत चालत राहायचं. थोडं अंतर गेलं की तिथंच टेलिफोन जोडून मागच्या टोकाला विचारायचं: हॅलो, टेस्टिंग, लाइन ओके? उत्तर आलं तर मागचं सगळं ठीक, तूट पुढं. पुढं जायचं, पुन्हा विचारायचं. जिथून उत्तर येत नाही, तिथं थांबायचं. तूट तुमच्या मागं राहिली, तुम्ही ओलांडून आलात. मग तेवढाच तुकडा हातानं चाचपायचा, टोकं शोधायची, गाठ मारायची, वर पट्टी गुंडाळायची. आणि परत विचारायचं.

१९९९ च्या जूनमध्ये मी नागपूरला माहेरी होते. टीव्हीवर कारगिल चाललेलं, कूलर घरघरत होता. बाबा एकदम म्हणाले, "एका रात्री टोक सापडलं. टोकाजवळ आमच्याआधी गेलेला लाइनमन होता."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. लाइन जोडली. तिकडून विचारून राहिले होते, ओके का म्हणून." थोड्या वेळानं म्हणाले, "ओके म्हणलं मी." आणि उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. हा विषय त्यांनी त्याआधी काढला नव्हता, नंतरही नाही. त्यांची 'पूर्वी स्टार', संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल बोर्नव्हिटाच्या डब्यात असत, सुईदोऱ्याबरोबर.

फौजेत असतानाच त्यांनी गणित विषय घेऊन बहिःस्थ बी.ए. केलं. १९८२ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, बी.एड. झाले, आणि शहरातल्या एका शाळेत गणिताचे मास्तर झाले. वय अडतीस. स्टाफरूममधल्या सगळ्यात नव्या मास्तरांच्या मिशा सगळ्यात पिकलेल्या.

त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे तीच रात्रीची गस्त होती, हे माझं म्हणणं. त्यांनी स्वतः असं कधी म्हटलं नसतं. नववीतला एक पोट्टा बीजगणितात सारखा नापास व्हायचा. बाकीचे सर त्याला तेच उदाहरण चौथ्यांदा, आवाज चढवून समजावत. बाबा त्याला आमच्या घरी बोलावत. ओट्यावर बसवून विचारत, "कुठं तुटली बे लाइन?" त्याला काय माहीत! मग बाबा मागं मागं जात. समीकरण नाही येत? बरं, आठवीचं हे येतं? नाही. सातवीचं? नाही. पूर्णांक? थोडं थोडं. असं करत ते चौथीच्या अपूर्णांकांपाशी पोचले. एक छेद तीन मोठा की एक छेद चार? पोट्टा म्हणाला, "एक छेद चार. चार मोठा आहे ना."

बाबांचा चेहरा असा उजळला की जणू त्यानं बोर्डात नंबर काढला. "सापडली!" पाच वर्षं तो मुलगा त्या एका तुटीच्या पलीकडे बसून होता आणि सगळे त्याला अलीकडून हाका मारत होते. बाबांनी भाकरी कापून त्याला अपूर्णांक शिकवले. भाकरी माझ्या वाटची होती, पण ते असो. तो मुलगा मॅट्रिक झाला, पास झाला इतकंच, पहिला वगैरे आला नाही. आज त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बाबांच्या तेराव्याला त्यानं मांडव घातला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

वर्गात कोणाला ऐकू आलं नाही तर बाबा "से अगेन" म्हणत. 'रिपीट' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. वायरलेसवर 'रिपीट' म्हटलं तर तोफखाना त्याचा अर्थ 'पुन्हा तिथंच गोळे टाका' असा घेतो. पोरांना हे इतकं आवडलं की ती मुद्दाम "सर, रिपीट!" म्हणून ओरडत आणि बाबा बाकाखाली वाकल्याचं नाटक करत. रागीट माणूस होता, पण विनोदाची नस अशी कुठंतरी आडबाजूला होती.

शाळेनं त्यांना एनसीसी दिलं, तेव्हा गंमत झाली. एनसीसीत काम करणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण आपल्या कामठीतच होतं. देशभरातले मास्तर आणि प्राध्यापक तिथं येतात. पोट सुटलेले, चष्मेवाले, डावा-उजवा पाय न कळणारे. आणि त्यांना कवायत शिकवायला फौजेतले हवालदार. बाबांनी पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी त्या उस्तादानं त्यांचं सावधान पाहून हळूच विचारलं, "साब, कौन सी पलटन?" त्यानंतर उस्तादांचा चहा आधी बाबांना. परत आले ते थर्ड ऑफिसर होऊन. सतरा वर्षांच्या फौजेत जे झालं नाही ते शाळेनं करून दाखवलं. घरी येऊन आरशासमोर उभे राहिले, स्वतःलाच सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "विश्राम, साहेब."

तो सॅल्यूट पाहायला आई नव्हती. आई १९८४ मध्ये गेली, कावीळ झाली होती. मी चौथीत, भाऊ पहिलीत, आणि बाबांना शाळेत लागून वर्षही झालं नव्हतं. मावशी मला न्यायला आली होती. पोरीच्या जातीला आई नसलेल्या घरी कोण बघणार, वगैरे. काका दुसऱ्या लग्नाचं बोलले. बाबा एवढंच म्हणाले, "पोरं इथंच राहतील." पुढं काही नाही. कारण सांगायची त्यांना सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी हा प्रश्न उभा राहिला. शाळेत दोन वेण्या आणि तांबड्या रिबिनी लागत. बाबांनी माझे केस हातात घेतले आणि बराच वेळ नुसते धरून ठेवले. मग समोर सुतळीचे तीन तुकडे ठेवून आधी त्यावर वेणी घालून पाहिली. तीनदा उसवली, तीनदा घातली. चौथ्यांदा माझ्या डोक्यावर. भांग फूटपट्टीनं आखल्यासारखा. आणि रिबिनीला फुलाच्या आधी गाठ, रीफ नॉट. फौजेत तुटलेली केबल जोडतात तीच. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवं डाव्यावर गेलं की ती खोटी गाठ, ताण आला की सरकते. खरी गाठ ताणानं घट्ट होते. पण एकच टोक धरून मागं ओढलं तर क्षणात सुटतेही, हे त्यांनी मला शिकवलं, "म्हणजे कोणी नसलं तरी तुले सोडता आली पाहिजे."

सातवीपर्यंत माझ्या वेण्या बाबांनी घातल्या. मैत्रिणींच्या आया विचारत, कोण घालून देतं गं? मी मावशीचं नाव सांगत असे. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

लाड त्यांना करता येत नसत. जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांचे लाड म्हणजे २६ जानेवारी. सीताबर्डीचा किल्ला एरवी फौजेच्या ताब्यात, आपल्यासारख्यांसाठी उघडायचा २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. शाळेचं झेंडावंदन आटोपलं की आम्हा दोघांना घेऊन ते रांगेत उभे राहत. वर गेल्यावर बाकी लोक तोफा बघत. बाबा आम्हाला कड्याशी नेऊन दोन टेकड्या दाखवत, मोठी आणि लहान. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथंच भिडले. २६ च्या संध्याकाळपासून २७ पर्यंत लढाई. लहान टेकडी इंग्रजांच्या हातून गेली तेव्हा मोठी धोक्यात आली, आणि लहान परत घेतली तेव्हा लढाईच फिरली. बाबांचा प्रश्न ठरलेला: "लहान टेकडी गेली हे मोठीवरच्या साहेबाले कोणी सांगितलं असंन?" आम्हाला काय माहीत. "त्याचं नाव कुठंच नाही," ते म्हणत, आणि आम्ही उतरायला लागायचो.

उतरल्यावर झिरो माइल. चार घोडे आणि तो वालुकाश्माचा खांब. हा भारताचा मध्य, असं सगळं नागपूर अभिमानानं सांगतं. बाबा गणिताचे. ते म्हणत, मध्य म्हणजे कसला मध्य? हा दगड इंग्रजांच्या वेळचा, फाळणीच्या आधीचा, कडा बदलल्या तर मध्य कसा तोच राहील? नागपूरकराशी हा वाद घालणं धोक्याचं, म्हणून आम्हा दोघांशीच घालत. शेजारच्या षट्‌कोनी दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, त्यावर आमचे दशांश अपूर्णांक पक्के झाले. शेवटचा एक म्हणजे किती? फुटाचा हजारावा भाग. मिलीमीटरचा तिसरा हिस्सा. "एवढ्याची बी नोंद ठेवली, बघ." मग दगडावरच्या गावांच्या अंतरांपैकी जबलपूरवर हात ठेवत, १७० मैल, आणि तिथं जरा जास्त वेळ उभे राहत. नंतर तर्री-पोहे. भाऊ म्हणतो आपण फक्त पोह्यांसाठी जायचो. त्याचंही खरं.

१९९६ मध्ये मी पुण्यात नोकरी करत होते आणि तिथंच लग्न केलं, नोंदणी पद्धतीनं, घरी पत्रानं कळवून. मुलगा जातीबाहेरचा. बाबांचं उत्तर आलं नाही. ज्या माणसानं सतरा वर्षं एका लंगरात सगळ्यांबरोबर जेवण केलं, त्याला हे शोभलं नाही, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. ते गेले म्हणून ते वाक्य मी मागं घेणार नाही.

पण पत्रानंतरच्या दुसऱ्या रविवारी रात्री घरमालकांकडे फोन आला. मी धावत खाली गेले. पलीकडे एसटीडी बूथमधला पंखा ऐकू येत होता.

"हॅलो. लाइन टेस्टिंग. ओके?"

मला काय बोलावं कळेना. "ओके," म्हटलं.

फोन बंद.

दोन वर्षं, दर रविवारी. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, तेव्हा. दिवाळीला नाही, माझ्या वाढदिवसाला नाही, फक्त रविवारी. कशी आहेस नाही, जावयाचं नाव नाही. कधी मी रागात "ओके नाही" म्हणायचे. तेव्हा पलीकडे शांतता, बूथच्या मीटरवर लाल आकडे पळत असणार, आणि मग, "पुढच्या रविवारी पाहू." घरमालकीणबाईंना वाटायचं माझे वडील टेलिफोन खात्यात आहेत. नवरा सुरुवातीला हसायचा. नंतर रविवारी उशीर झाला तर तोच म्हणायचा, अजून आला नाही का गं फोन.

१९९८ मध्ये मुलगी झाली. कळवलं भावानं. बाबा महाराष्ट्र एक्सप्रेसनं आले, काळी ट्रंक, संत्र्यांची करंडी, डिंकाचे लाडू शेजारणीकडून करून घेतलेले. दारात नवरा उभा होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गणित कसं होतं तुमचं?" तो म्हणाला, बरं होतं. बाबा म्हणाले, "बरं." झालं. एवढ्यावर तो विषय संपला. मला वाटतं दोन वर्षं ते तूट शोधत मागं मागं चालत होते आणि ती त्यांना स्वतःच्याच टोकाला सापडली. पण हे माझं वाटणं. त्यांनी कबूल केलं नसतं.

शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होते. मास्क असल्यामुळे बोलणं बंद. सातव्या दिवशी त्यांचं बोट खाटेच्या दांडीवर वाजायला लागलं. मला मोर्स येत नाही, एवढंच येतं: डा डा डा, डा डिट डा, म्हणजे ओके. लहानपणी स्टीलच्या गिलासावर वाजवून दाखवायचे. मी अर्धा तास कान देऊन मोजत बसले, पाठपोट कागदावर डा आणि डिट लिहून काढले, भावाला फोनवर वाचून दाखवले. नर्स आली, तिनं बोटाला लावलेली ऑक्सिजन मोजायची क्लिप काढून दुसऱ्या बोटाला लावली. वाजणं थांबलं. क्लिप टोचत होती. तो कागद मी फेकला नाही. त्यात अर्थ नाही हे मला ठाऊक आहे.

मोबाईल मी चार्ज करून ठेवते. बँकेच्या मेसेजखेरीज त्यावर फारसं काही येत नाही. १६ डिसेंबरला मात्र वाजला. जालंधरचे अंकल. जेस्सोरच्या रस्त्यावर बाबांच्या जोडीला असायचे ते. दर १६ डिसेंबरला दोघांचा फोन ठरलेला. जानेवारीतच मी त्यांना कळवलं होतं, रडले होते ते. आता ऐंशीच्या पुढं आहेत आणि कानानं जवळजवळ गेले आहेत. भाऊ म्हणाला, विसरले असतील, नीट सांग.

विसरले नव्हते. गुडघ्याचं बोलले, थंडीचं बोलले, नातू कॅनडाला गेला त्याचं बोलले. मग घसा खाकरला.

"बेटी, लाइन ओके?"

"ओके, अंकल."

"से अगेन?"

"ओके!" मी ओरडले. आतून भावानं विचारलं कोण आहे म्हणून. मी हातानं त्याला थांब म्हटलं आणि पुन्हा, आणखी मोठ्यानं, "ओके, अंकल, ओके!"